निसान पॅट्रोल व्ही८: दोन उन्हाळे वापरल्यानंतर

गावाकडून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ॲव्हरेज किती देते? म्हणून आधी तेच सांगून टाकतो. शारजा-दुबईच्या रोजच्या ट्रॅफिकमध्ये लिटरला साडेचार ते पाच. मोकळ्या हायवेवर ११०-१२० च्या वेगाने साडेसात, वारा पाठीशी असला तर आठच्या जवळ. वाळूत तीनच्याही खाली.

आकडे ऐकून घाबरायला होतं हे मान्य. पण गाडी काय आहे तेही बघा. माझी २०२० ची, प्लॅटिनम व्हेरियंट, सेकंडहँड घेतलेली. ५.६ लिटरचं आठ सिलिंडरचं व्ही८ इंजिन, ४०० हॉर्सपॉवर, ५६० न्यूटन-मीटर टॉर्क, टर्बो नाही, ७ गिअरचा ऑटोमॅटिक. वजन पावणेतीन टनांच्या घरात. एवढं धूड हलवायला पेट्रोल लागणारच.

टाकी १४० लिटरची आहे, मुख्य १०० आणि जोडटाकी ४०. यूएईमध्ये ऑगस्ट २०१५ पासून पेट्रोलचे दर दर महिन्याला बदलतात. २०२५ मध्ये ९५ ऑक्टेनचा भाव बहुतेक अडीच दिरहमच्या आसपास राहिला, म्हणजे टाकी फुल करायला साडेतीनशे. शहरात किलोमीटरला साधारण ५० फिल्स (१०० फिल्सचा एक दिरहम) पडतात, हायवेला ३४. रुपयांत धरलं तर शहरातला खर्च किलोमीटरला बारा रुपयांच्या आसपास जातो. हीच गाडी मुंबईत शंभरच्या वरच्या पेट्रोलवर फिरवली असती तर वीस रुपये पडले असते. मात्र जुलै २०२२ मध्ये इथेच ९५ चा भाव ४.५२ दिरहमला पोचला होता. तेव्हा हीच टाकी ६३० च्या पुढे गेली असती. घेणाऱ्याने हिशोब त्या भावाने करावा आणि तरी परवडत असेल तरच पुढे जावं, असं मी मनापासून सांगेन.

ॲव्हरेज तुमच्या उजव्या पायावर किती अवलंबून आहे, ते अबुधाबी-अल ऐन रस्त्यावर नीट कळतं. तिथे वेगमर्यादा १६०. गाडी १४० ला अगदी शांत पळते, आत बोलताना आवाज चढवावा लागत नाही, म्हणून वेग कधी वाढला ते लक्षातच येत नाही. पण १२० वरून १४० वर गेलं की हवेचा अडथळा जवळजवळ ३६ टक्क्यांनी वाढतो आणि पॅट्रोलचं तोंड भिंतीसारखं सपाट आहे. साडेसातचा आकडा सहावर येतो. मी क्रूझ कंट्रोल ११५ ला लावून ठेवतो.

परफॉर्मन्सबद्दल लिहावं तेवढं थोडं. सिग्नलवरून पिकअप जोरदार आहे, पण मला आवडतो तो त्याचा एकसारखेपणा. टर्बो नसल्याने पॅडल जितका दाबाल तितकंच इंजिन देतं, लगेच देतं, मध्येच धक्का बसत नाही. रास अल खैमातल्या जेबेल जैस डोंगराचा घाट सात माणसं आणि पाठीमागे सामान घेऊन, एसी फुल ठेवून चढलो. गिअर खाली पडला, आवाज थोडा भरदार झाला, बस्स. आधीच्या चार सिलिंडरच्या गाडीत ह्याच चढाला एसी कमी करावा लागायचा.

आणि सस्पेन्शन! वळणावर गाडी झुकू नये म्हणून लावतात ते अँटी-रोल बारच हिला नाहीत. त्याऐवजी चारही शॉकॲब्सॉर्बर हायड्रॉलिक नळ्यांनी एकमेकांना जोडलेले आहेत. वळणावर एका बाजूचा दाब दुसऱ्या बाजूला तोलला जातो, म्हणून एवढी उंच गाडी राउंडअबाउटवर झुकत नाही. खडकाळ वाटेवर मात्र चाकं मोकळी वरखाली होतात. वादीत, म्हणजे इथल्या कोरड्या नदीपात्रात, दगडांतून जाताना आई मधल्या सीटवर बसून मटार सोलत होती, एकही दाणा सांडला नाही. तिला चढायला पायरी आणि आतलं हँडल दोन्ही लागतात, गुडघे दुखणाऱ्यांसाठी उंची जास्तच आहे. पण एकदा बसली की चार-चार तास कंबरेची तक्रार नाही. जुनी पॅट्रोल बघायला जाल तेव्हा गाडी लिफ्टवर घ्यायला लावा आणि ह्या नळ्यांवर, शॉकॲब्सॉर्बरच्या तोंडाशी तेलाची ओल आहे का ते बोट फिरवून बघा. हे काम निघालं तर महिन्यांचं पेट्रोल त्यात जातं.

वाळूत टायरची हवा १५ पीएसआयपर्यंत उतरवतो. तेवढं केलं की बाकीचं गाडी करते. इथे मोठ्या इंजिनाचा खरा उपयोग कळतो: चढावर वेग तुटत चालला तरी हातात ताकद शिल्लक असते, घाईने पॅडल तुडवून चाकं गाडून घ्यावी लागत नाहीत. विम्यात ऑफ-रोडचं कलम आहे का ते मात्र आधी वाचा, सगळ्या पॉलिसींत नसतं.

बाकी खर्च. ऑइल साडेसहा लिटर लागतं, मी १०,००० किमीला बदलतो. टायमिंग चेन आहे, त्यामुळे ठराविक किलोमीटरला बेल्ट बदलायची भानगड नाही. वजनामुळे पुढचे ब्रेक पॅड लवकर झिजतात. बॅटरी इथल्या उन्हात दोनेक वर्षंच टिकते आणि जायच्या आधी फारशी सूचना देत नाही. टायर २७५/६० आर२०, नक्षी कितीही शिल्लक असली तरी पाच वर्षं झाली की मुलकियाच्या (गाडीच्या नोंदणीच्या) नूतनीकरणात पास होत नाहीत. मला एका दुकानात ‘नवीन’ म्हणून दीड वर्ष पडून राहिलेले टायर दाखवले होते. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सालिक, म्हणजे दुबईचा टोल, जानेवारी २०२५ अखेरपासून गर्दीच्या वेळी ६ दिरहम झालाय, तो गाडी कुठलीही असो पडतोच.

सप्टेंबर २०२४ मध्ये आलेली नवी पॅट्रोलही चालवून पाहिली. ३.५ लिटरचं ट्विन-टर्बो व्ही६, ४२५ हॉर्सपॉवर, ७०० न्यूटन-मीटर, ९ गिअर. खालच्या आरपीएमवर ती उघडच जास्त ताकदवान आहे, आतून कितीतरी आधुनिक. तरी किमतीतला फरक पेट्रोलच्या बचतीतून भरून काढायचा म्हटलं तर माझ्या वापरात ते जमत नाही, आणि व्ही८ चा तो गुळगुळीतपणा मला तिच्यात मिळाला नाही.

एकट्याने ऑफिसला जायचं-यायचं असेल तर ही गाडी घेऊ नका, पैसे आणि पार्किंग दोन्हीची नासाडी आहे. घरात सहा-सात माणसं, महिन्यातून एखादा सुट्टीचा दिवस वाळूत, वर्षातून एकदोनदा ओमान असं असेल तर निर्धास्त घ्या. दुबईत टाकी फुल केली की मस्कतला जाऊन परत येईपर्यंत पंप शोधावा लागत नाही. तरी परतताना ओमानमध्येच भरतो, तिथे ९५ चा भाव २३९ बैसांवर (हजार बैसांचा एक ओमानी रियाल) बांधलेला आहे. सीमेवर विम्याचं ऑरेंज कार्ड, म्हणजे शेजारच्या देशात गाडीचा विमा चालतो याचा दाखला, मागतात, ते निघण्याआधीच काढून ठेवा.