क्लॅम्प-ऑन की मॅगमीटर? जेलने माझा निर्णय फिरवला

कारखान्याच्या कच्च्या पाण्याच्या लाइनवर मीटर बसवायचा आहे आणि क्लॅम्प-ऑन अल्ट्रासोनिक (पाइपला बाहेरून बांधून ध्वनिलहरींनी प्रवाह मोजणारा) आणि मॅगमीटर (पाइप कापून मधे बसवायचा, चुंबकीय क्षेत्रावर चालणारा) अशी दोन कोटेशनं समोर पडली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी दोन्ही वापरलेत. पहिला निर्णय मला बदलावा लागला, हे आधीच कबूल करतो.

क्लॅम्प-ऑन घेतला तो शटडाऊन मिळत नव्हता म्हणून. सहा इंची एमएस (साध्या पोलादाची) लाइन, उंचावरच्या पाइपरॅकवर, आणि प्रॉडक्शनवाले अर्धा तासही पाणी बंद करू देईनात. फिटरने गंज घासून पाइप चकचकीत केला, सेन्सर आणि पाइपमध्ये हवा राहू नये म्हणून जेल लावलं, पट्टे आवळले, आणि चहा यायच्या आत आकडा दिसायला लागला. सेन्सर वर-खाली न लावता बाजूंना लावायचे, वर हवा अडकते आणि खाली गाळ बसतो, हे मला त्यानेच शिकवलं.

आमचं पाणी बोअरचं, जड. हा मीटर मोजतो फक्त वेग. पाइपचा आतला व्यास आपण त्यात भरू तोच तो धरतो. आत सगळीकडून 3 मिमी क्षार चढला, तर 150 मिमीचा व्यास 144 होतो आणि मीटर साधारण साडेआठ टक्के जास्त दाखवतो. टाकीत पट्टी टाकून तासाभरात पाणी किती चढलं ते पाहिलं, तेव्हा आमचाही आकडा फुगलेलाच निघाला. पण ते चालवून घेता येतं. टाकीवर ताडून एक गुणक टाकला की भागतं.

नडलं ते जेल. एप्रिलच्या उन्हात ते वाळून पापुद्रे सुटायचे, सिग्नल पडायचा, आणि रात्रपाळीतून फोन यायचा, "साहेब, पाणी चालू आहे, पण मीटर शून्य." मग उंचीवरच्या कामाचं परमिट, सेफ्टी बेल्ट, शिडी, आणि हे सगळं बोटभर जेलसाठी! एकदा तर आकडा शून्यावरही गेला नाही, जागच्या जागी थिजला, आणि दोन दिवस लॉगबुकात तोच उतरत राहिला. केंद्रीय भूजल प्राधिकरणाची 2020 ची मार्गदर्शक तत्त्वं टेलिमेट्रीसह (आकडे आपोआप दूरवर पाठवायच्या सोयीसह) डिजिटल मीटर मागतात. असा थिजलेला आकडा तिथे गेला तर काय उत्तर द्यायचं? आता जेलऐवजी रबरासारखे पॅड मिळतात. ते तेव्हा लावले असते तर कदाचित माझं मत वेगळं असतं.

दिवाळीच्या शटडाऊनमध्ये पाइप कापून मॅगमीटर टाकला. तेव्हापासून एकदाच आकडा नाचला, तोही अर्थिंगची वायर सुटली म्हणून. सरळ पाइपही त्याला कमी पुरतो. मी मीटरच्या आधी पाइपच्या व्यासाच्या पाचपट आणि नंतर तीनपट लांबी सरळ धरतो. क्लॅम्प-ऑनला दहा आणि पाच.

मात्र तुमची लाइन दोन फुटी असेल तर माझं ऐकू नका. व्यास वाढतो तशी मॅगमीटरची किंमत चढत जाते, क्लॅम्प-ऑनची फारशी हलत नाही. डीएम वॉटरलाही (क्षार काढून टाकलेल्या पाण्यालाही) मॅगमीटर निरुपयोगी, कारण त्या पाण्यातून वीज जवळपास वाहतच नाही. आमचा जुना क्लॅम्प-ऑन तिथेच नेलाय. शेडमधली स्टेनलेस लाइन, ऊन नाही, त्यामुळे तिथे तो शहाण्यासारखा वागतो.

मॅगमीटरच घेणार असाल तर त्याच शटडाऊनमध्ये बायपास (मीटरला वळसा घालणारा पाइप) आणि व्हॉल्व टाकून घ्या. मी तेवढे पैसे वाचवले. आता मीटर काढून कॅलिब्रेशनला पाठवायचा तर पुढच्या दिवाळीची वाट बघावी लागते, आणि मधल्या काळात पडताळणीसाठी भाड्याने आणतो तो क्लॅम्प-ऑनच.