आयएसबीएनचे आठ हजार

मुलांसाठी मराठी-इंग्रजी चित्रपुस्तक स्वतःच काढायचं म्हणून 'सेल्फ-पब्लिशिंग पॅकेज' घेणार असाल, तर हे आधी वाचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, प्रकरण वकिलाकडे आहे.

पॅकेज १,६०,००० रुपयांचं. २४ पानं, १३० जीएसएम आर्ट पेपर, चित्रं, मांडणी, ऑफसेटवर (मोठ्या संख्येने प्रती काढायची छपाई) १००० प्रती आणि ऑनलाइन विक्री. बिलात 'आयएसबीएन नोंदणी शुल्क ८,०००' वेगळं. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी फुकट देते; ही एजन्सी केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाची, आणि लेखकालाही स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. आठ हजार गेले ते एकवेळ सोडा. क्रमांक त्यांनी स्वतःच्या नावावर घेतला, त्यामुळे नोंदीत प्रकाशक तेच.

हातात प्रती आल्या १५०. बाकीच्या 'आमच्या गोदामात, मागणी येईल तशा पाठवू'. 'चिमणी'ची 'चमिणी' झालेली, प्रुफात दोनदा दुरुस्त करूनही. ओळखीच्या छापखानेवाल्या काकांनी पान उजेडात तिरकं धरलं आणि म्हणाले, "हे ऑफसेट नाही, डिजिटल आहे. हजार प्रती कोण डिजिटलवर काढतो?" डिजिटल छपाई थोड्या प्रतींसाठी असते. मग कंपनीनेच पुरावा म्हणून पाठवलेली बिल्टी, म्हणजे मालवाहतुकीची पावती, काढली. छापखान्यातून गोदामात गेलेला सगळा माल: २६ किलो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक प्रत भरली १०० ग्रॅम. म्हणजे अडीचशेच्या आसपास प्रती, बस्स! छपाईचे पैसे देण्याआधी एका प्रतीचं वजन आणि बिल्टीवरचं वजन ताडून बघा. या हिशोबापुढे कुणाची बडबड चालत नाही.

विक्रीचा अहवाल तर विनोदच. न्यू जर्सीत मराठी शाळा चालवणाऱ्या एका ताईंनी ऑनलाइन मागवलेल्या प्रतींचा फोटो पाठवला. त्या महिन्याच्या अहवालात विक्री शून्य.

सगळ्यात वाईट वागले ते चित्रकर्तीशी. आमच्याकडून तिचं पूर्ण मानधन घेतलं, तिला दिलं निम्मं, आणि वर 'लेखिकेनेच पैसे अडवलेत' असं सांगितलं. आम्हा दोघींची गाठ पडू नये याची काळजी ते सुरुवातीपासून घेत होते. शेवटी तिनेच माझा नंबर शोधून फोन केला. तिने हक्क कुणालाही लिहून दिलेले नव्हते, आणि कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हस्तांतरण लेखीच लागतं. वकिलांनी नोटीस त्याच मुद्द्यावर काढली. त्याआधी ओपन फाइलींसाठी, म्हणजे बदल करता येतील अशा मूळ फाइलींसाठी, कंपनी आणखी ३०,००० मागत होती. मूळ चित्रं तिच्या लॅपटॉपवर होतीच, तो प्रश्न मिटला.

आता तिच्याशी थेट करार केलाय, क्रमांकासाठी माझ्या नावाने अर्ज केलाय. जुनी आवृत्ती ऑनलाइन अजून दिसते. मुखपृष्ठावर माझं नाव असलं तरी ती घेऊ नका. त्यातला एक रुपयाही आम्हा दोघींपर्यंत येत नाही.