कार्डासकट की कार्डाविना? गोव्यातल्या घरासाठी दोन कॉम्प्युटर

मुलाच्या अभ्यासाला आणि थोड्या गेमिंगला कॉम्प्युटर घ्यायचा म्हणून पणजी, म्हापसा किंवा मडगावच्या दुकानात विचारलं, की बहुधा दोन तऱ्हेची कोटेशनं मिळतात. एकात एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर असतो, ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारं वेगळं कार्ड) नसतं. दुसऱ्यात इंटेलचा कोअर आय३ १२१००एफ प्रोसेसर आणि जोडीला रेडिऑन आरएक्स ६६०० हे ग्राफिक्स कार्ड. पहिलं बरंच स्वस्त पडतं, कारण कार्डाची किंमत या प्रोसेसरहूनही जास्त असते. तरी बेरीज बघण्याआधी घरात एक गोष्ट ठरवा: येत्या दोन वर्षांत कार्ड घेणार आहात का? माझ्या मते सगळी निवड या उत्तरावर अवलंबून आहे.

५६००जी मध्ये सहा कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) आहेत आणि ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच आहे. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट हे १०८०पी (फुल एचडी) वर सहज चालतात. जीटीए ५ किंवा आपल्याकडच्या पोरांचा जीव की प्राण असलेले फुटबॉलचे गेम सेटिंग उतरवून खेळता येतात. नवे, मोठे गेम मात्र त्याला झेपत नाहीत.

या मशीनचा सगळा वेग रॅमवर अवलंबून आहे आणि दुकानात नेमकी इथेच काटकसर होते. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच वाटा घेतं. डीडीआर४ ३२०० ची एकच पट्टी लावली तर सेकंदाला २५.६ जीबी माहिती जाऊ शकते, दोन लावल्या तर ५१.२. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेऊ नका, ८ जीबीच्या दोन घ्या. कोटेशनवर नुसतं ‘१६ जीबी रॅम’ लिहिलं असेल तर किती पट्ट्या ते विचाराच. आरएक्स ६६०० ची स्वतःची ८ जीबी मेमरी सेकंदाला २२४ जीबी देते. दोन्ही मशीनमधला फरक एवढ्यावरूनच लक्षात यावा.

‘आता ५६००जी घ्या, कार्ड पुढच्या चवथीला बसवू’ हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. कार्ड बसवलं की आतल्या ग्राफिक्ससाठी मोजलेले पैसे बसून राहतात. वर या प्रोसेसरची एल३ कॅश (आतली छोटी, वेगवान मेमरी) १६ एमबी आहे, ‘जी’ नसलेल्या साध्या ५६०० ची ३२ एमबी, आणि गेममध्ये तो फरक जाणवतो. शिवाय कार्ड जोडण्याच्या पीसीआयई मार्गात ५६००जी जुन्या ३.० पिढीपर्यंतच जातो. आरएक्स ६५०० एक्सटीसारखी स्वस्त कार्डं या मार्गाच्या चारच लेन वापरतात, ती ३.० वर आणखी मंदावतात. म्हणजे कमी पैशांत सुधारणा करायची वाटच अरुंद होते. कार्ड घेणार हे पक्कं असेल तर थोडे महिने थांबा आणि दुसरंच मशीन घ्या.

१२१००एफ चारच कोअरचा आहे, पण हलक्या गेमिंगला पुरतो. आरएक्स ६६०० बरोबर बहुतेक गेम १०८०पी वर चांगल्या सेटिंगला चालतात. मदरबोर्डचा सॉकेट (प्रोसेसर बसण्याची जागा) एलजीए १७०० असल्याने पुढे त्यावर आय५ बसवता येतो. एक मोठी अडचण मात्र लक्षात ठेवा. नावातल्या ‘एफ’ चा अर्थ आत ग्राफिक्स नाही. कार्ड बिघडून वॉरंटीत गेलं की ते परत येईपर्यंत पडद्यावर काहीच दिसणार नाही, अभ्यासही बंद. घरात हा एकच कॉम्प्युटर असेल तर थोडे जास्त देऊन ‘एफ’ नसलेला १२१०० घ्या. मी तरी तोच घेईन.

आता विजेचं. हे मी मुद्दाम लांबवून लिहितो, कारण आपल्याकडे पावसात कोटेशनवरचा सर्वात दुर्लक्षित भाग हाच ठरतो. सत्तरी किंवा सांग्यातल्या वाड्यावर झाड तारांवर पडलं की वीज जाते, येते, परत जाते. ५६००जी साधारण ६५ वॉटच्या वर्गातला प्रोसेसर आहे, त्यामुळे ६०० व्हीएचा (व्हीए हे यूपीएसच्या ताकदीचं माप) साधा यूपीएस मॉनिटरसकट तो सांभाळतो. आरएक्स ६६०० एकटंच १३२ वॉटपर्यंत घेतं. त्या मशीनला १००० व्हीएच्या आसपासचा यूपीएस धरा आणि तो खर्च कोटेशनमध्ये आधीच मिळवा. पॉवर सप्लाय ओळखीच्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), ४५० वॉटचा घ्या. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा नको. घरातल्या इन्व्हर्टरवर मशीन चालवणार असाल तर तो साइन वेव्ह आहे का ते बघा आणि यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर वीज गेली की मशीन रीस्टार्ट होतं. विजा कडाडायला लागल्या की प्लगबरोबर इंटरनेटची केबलही काढायची.

कळंगुट, कोलवा अशा किनाऱ्याजवळच्या घरांत खारी हवा धातूचे भाग गंजवते. कॅबिनेट ओलसर भिंतीला टेकवू नका, जमिनीवरही ठेवू नका. पावसाळ्यात रोज थोडा वेळ तरी मशीन चालू राहू द्या.

साठवणीसाठी एसएसडी ५०० जीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) घ्या. जीटीए ५ एकटाच शंभर जीबीच्या घरात जातो, २५६ पुरणार नाही.

जुन्या कार्डाचाही पर्याय सुचवला जातो, विशेषतः आरएक्स ५८० चा. हे कार्ड २०१७ मधलं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर हिशेब करून चलन मिळवणं) बंद झालं आणि रात्रंदिवस राबवलेली असंख्य कार्डं बाजारात आली. वॉरंटी नाही, वीज जास्त, वर आपली दमट हवा. घ्यायचंच झालं तर दुकानात अर्धा तास गेम चालवून पंख्याचा आवाज आणि तापमान बघूनच पैसे द्या.

माझा कौल: अभ्यास, घरचं काम आणि अधूनमधून गेम असेल तर ५६००जी, दोन पट्ट्या आणि चांगला पॉवर सप्लाय. पोरगा रोज खेळणार हे घरात सगळ्यांना माहीत असेल तर १२१०० आणि आरएक्स ६६००.