टाकीवाला इंकजेट प्रिंटर: दिवाळीपासून पोळ्यापर्यंतचा अनुभव

दिवाळीत घेतलेला चार रंगांचा टाकीवाला प्रिंटर (शाई बाटलीतून टाकीत भरायची, असा) आता पोळा होऊन गेला तरी नीट चालू आहे. गाव दारव्हा तालुक्यातलं, घर कास्तकाराचं. लाईन जाते-येते, आणि उन्हाळ्याचं वैदर्भीयांना वेगळं सांगायला नको. अशा ठिकाणी घरी फोटो छापायला हे यंत्र घ्यावं का? माझ्या मते घ्यावं. एका प्रतीमागे किती पैसे वाचतात हे माझ्या लेखी दुय्यम आहे. मुख्य गोष्ट अशी, की चेहरा मनासारखा उतरेपर्यंत प्रत पुन्हा काढता येते. बाहेर छापायला दिलं की बऱ्याचदा सगळ्या फोटोंना एकच उजळपणा लावला जातो आणि आपली सावळी माणसं पिठूळ होऊन परत येतात. शेजारच्या आजीच्या हातात तसा एक फोटो दिला, तर त्या म्हणाल्या, "हे मी नाही बाप्पा, एवढी गोरी मी कधी होती?" त्यांचं खरंच होतं.

म्हणून एडिटिंगपासूनच सुरुवात करतो. आपल्याकडचे निम्मे फोटो वावरातले, भर उन्हातले. फुटलेला कापूस, त्यात पांढरा शर्ट किंवा पांढरं लुगडं. एवढा पांढरा रंग दिसला की मोबाईलचा कॅमेरा अख्खा फोटो अंधारा करतो आणि चेहरा काळवंडतो. इथे लोक ब्राइटनेस वाढवतात. मग कापूस फटफटीत होतो, बोंडांचा आकार जातो आणि चेहऱ्यावर राखट झाक येते. त्याऐवजी स्नॅपसीड या मोबाईल अॅपमध्ये आधी हायलाइट्स (उजळ भाग) थोडे कमी करायचे, मग शॅडोज (गडद भाग) उचलायचे, आणि शेवटी वॉर्म्थ (पिवळसर झाक) अगदी किंचित वाढवायची. कॉम्प्युटर असेल तर गिम्प हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यातल्या कर्व्हजमध्ये रेषेचा मधला भाग जरासा वर ओढला की चेहरा उजळतो आणि वरचं पांढरं जागेवर राहतं. ब्यूटी फिल्टर मी लावतच नाही. गालावरचा तीळ, कपाळावरचं गोंदण, उन्हानं रापलेला रंग, यावरूनच तर माणूस ओळखू येतो.

पडद्यावर छान दिसलेला फोटो कागदावर अंधारा येतो, ही तक्रार सगळ्यांची असते. प्रिंटरचा दोष क्वचितच असतो. पडदा स्वतः प्रकाश टाकतो, कागद फक्त समोरचा उजेड परत देतो. एडिट करताना पडद्याचा उजेड निम्म्यावर आणला की फरक बराच मिटतो. तरी मोठी प्रत काढण्याआधी मी एक चाचणी घेतोच: चेहऱ्याचा तेवढाच तुकडा कापून ४ × ६ इंचाच्या एका कागदावर चार वेळा ठेवायचा, प्रत्येक वेळी थोडा जास्त उजळ. कागद पंधरा-वीस मिनिटं वाळू द्यायचा, कारण शाई वाळताना रंग जरा बदलतो. मग दारात, दिवसाच्या उजेडात बघायचा. घरातल्या पांढऱ्या एलईडीखाली त्वचेचा रंग फसवा दिसतो. चारांतला जो तुकडा खरा वाटेल, तेवढ्याच उजळपणानं पूर्ण फोटो छापायचा. ए-४ कागदापेक्षा हा छोटा कागद वाया गेलेला परवडतो.

फोटो मागवताना तो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा. साधा पाठवला की लहान होऊन येतो, एचडी निवडलं तरी मूळ फाईल येत नाही. ४ × ६ इंचाच्या चांगल्या प्रतीला साधारण १२०० × १८०० पिक्सेल लागतात, ए-४ ला २४८० × ३५०८. खोक्यावर ५७६० × १४४० असे आकडे असतात, ते शाईचे थेंब किती बारकाईनं टाकले जातात त्याचे. आपल्या फोटोच्या पिक्सेलशी त्यांचा संबंध लावू नका.

कागदाबद्दल एक गोष्ट नीट समजून घेतली की पुष्कळ शाई वाचते. प्रिंट सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार निवडायचा असतो, आणि त्यावर किती शाई पडणार हे ठरतं. ग्लॉसी कागद घालून सेटिंग साध्या कागदाचं ठेवलं तर फोटो निस्तेज आणि दाणेदार येतो. कुठल्या बाजूला छापायचं ते कळत नसेल तर कोपऱ्याला ओलसर बोट लावून बघा, जी बाजू किंचित चिकटते ती छापायची. रोजच्या कामाला १८० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) ग्लॉसी पुरतो. फ्रेमसाठी मी जाड, आरसी म्हणतात तो प्लास्टिकचा थर असलेला कागद वापरतो. तो लहरत नाही.

चार रंगांच्या बऱ्याच प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची (न विरघळणाऱ्या बारीक कणांची) आणि बाकीच्या तीन डायच्या (विरघळलेल्या रंगाच्या) असतात. पिगमेंटची काळी ग्लॉसी कागदावर नीट धरत नाही, म्हणून फोटो छापताना यंत्र तीन रंग मिसळूनच काळा बनवतं. त्यामुळे केसांचा, म्हशीचा काळा रंग कधी कधी तपकिरी वाटतो. शेवटी कर्व्हजमध्ये गडद टोक थोडं खाली ओढलं की बरंच भागतं, पूर्ण नाही. फोटो हेच मुख्य काम असेल तर सहा रंगांचं यंत्र बघा. त्यात फिकट निळी आणि फिकट गुलाबी शाई वेगळी असते, त्यामुळे गालावरचे ठिपके जाणवत नाहीत.

पासपोर्ट फोटोंसाठी जून महिन्यात गल्लीतली सगळी मुलं आमच्याकडे येतात. माप ३५ × ४५ मिमी, फॉर्मवर वेगळं दिलं असेल तर तेच. ४ × ६ च्या कागदावर चार-चारच्या दोन ओळींत आठ फोटो मावतात आणि कापायला फटही उरते. इथे बॉर्डरलेस हा पर्याय बंदच ठेवा. कडेपर्यंत शाई जावी म्हणून यंत्र चित्र थोडं फुगवतं, आणि ३५ चे ३६ होतात. छपाई शंभर टक्के मापात, आणि पहिल्या कागदावर पट्टी लावून बघायचं. मुलांना भिंतीला चिकटवून उभं करू नका. दोन हात पुढे, दाराकडे तोंड करून सावलीत उभं केलं की मागे सावली पडत नाही आणि फ्लॅशही लागत नाही.

जुने फोटो हे या यंत्राचं मला सगळ्यात आवडलेलं काम. माझ्या प्रिंटरला स्कॅनर जोडलेला आहे. २ × ३ इंचाचा जुना फोटो ६०० डीपीआयनं (एका इंचात ६०० ठिपके) स्कॅन केला की १२०० × १८०० पिक्सेल मिळतात, म्हणजे दुप्पट मापाची स्वच्छ प्रत निघते. धूळ आणि चिरा गिम्पच्या हील टूलनं एक-एक पुसायच्या. एआयनं फोटो स्पष्ट करून देणारी अॅप्स मी या कामाला लावत नाही. ती पुसट चेहऱ्यावर नवे डोळे, नवे दात काढून देतात. तेरवीला भिंतीवर लावायच्या फोटोत घरच्यांना आपला बाप दिसायला हवा, त्याच्यासारखा कोणी दुसरा नाही. पुसट असला तरी चालेल.

आता विदर्भातल्या अडचणी. दिवाळीनंतर घरात कापूस भरलेला असतो आणि त्याचे तंतू हवेत उडतात. ते कागद ओढणाऱ्या रबरी रोलरला चिकटले की कागद तिरपा जातो किंवा दोन-दोन ओढले जातात. प्रिंटरवर जुनी चादर टाका, मागचा कागदाचा ट्रे काम झालं की मिटून ठेवा, आणि रोलर ओलसर, धागे न सुटणाऱ्या फडक्यानं पुसत जा.

एप्रिल-मे जास्त जपायचे. कोरड्या हवेत हेडच्या (शाई फवारणाऱ्या भागाच्या) बारीक छिद्रांतली शाई सुकते आणि फोटोत आडव्या पट्ट्या येतात. आठवड्यातून एक रंगीत पान काढणं हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय. प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणानं बंद करायचा. तसं केलं की हेड बाजूला जाऊन टोपीखाली बसतं. बोर्डावरून बंद केला, किंवा छपाई चालू असताना लाईन गेली, तर हेड उघडं राहतं. म्हणून आमचा प्रिंटर इन्व्हर्टरवर आहे. लेझर प्रिंटर गरम होताना वीज झटक्यात ओढतो, तशी भानगड इंकजेटची नाही, छोट्या इन्व्हर्टरवरही तो चालतो. लाईन गेलीच तर आल्याबरोबर एकदा चालू करून बटणानं बंद करायचा. पट्ट्या दिसल्या तर आधी नोझल चेकचं पान (छिद्रं बंद आहेत का ते दाखवणारं) काढा, मगच हेड क्लीनिंग, आणि एकामागून एक करत बसू नका. दोन-तीनदा करून फरक नसेल तर रात्रभर तसंच ठेवून सकाळी बघा.

कूलरच्या झोतात प्रिंटर नको. ओल्या हवेनं ग्लॉसी कागद वाकतो आणि छापताना हेडला घासून काळे डाग पडतात. पावसाळ्यात तेच. कागद मूळ पाकिटात, वर झिपची पिशवी, आणि लागेल तेवढाच बाहेर. छापलेला फोटो सादळलेल्या हवेत हळू वाळतो, रात्रभर एकावर एक न ठेवता पसरून ठेवला तर बरं.

डायच्या शाईला पाणी आणि ऊन सोसत नाही. हार घातलेल्या फोटोवर फुलांचं पाणी ओघळलं की रंग पसरतो. काचेची फ्रेम करा, काच आणि कागद एकमेकांना चिकटणार नाहीत एवढी फट ठेवा, आणि उन्हाची तिरीप येते ती भिंत टाळा.

घेण्याआधी दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा. हेड क्लीनिंगमध्ये निघालेली शाई यंत्राच्या आत एका पॅडमध्ये जमते. पॅड भरलं की प्रिंटर छापणं थांबवतो. काही मॉडेलमध्ये त्याचा डबा आपला आपण बदलता येतो, काहींना सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. आमच्याकडून यवतमाळला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, त्यामुळे डबा बदलता येणारं मॉडेल थोडं महाग पडलं तरी मी तेच घेईन.