लिबरऑफिस कॅल्क : एफ.वाय.च्या अर्थशास्त्राला चालेल का?

चालेल. कॉलेजच्या लॅबमधले पीसी जुने आणि नेटचा भरवसा नाही, म्हणून फुकट आणि ऑफलाइन चालणारं कॅल्क हे स्प्रेडशीट (आकडेमोडीचे तक्ते करायचं सॉफ्टवेअर) घेतलं. एफ.वाय.बी.ए.च्या मुलांना त्यावर मागणी-पुरवठा शिकवतो.

खरी मजा कराच्या भारात आहे. ‘कर विक्रेत्यावर, मग भुर्दंड गिऱ्हाइकाला का?’ हे फळ्यावर सांगितलं की मुलं नुसत्या माना डोलावतात. शीटमध्ये मागणी घ्यायची १०० वजा किमतीची दुप्पट, पुरवठा २० अधिक किमतीची दुप्पट. समतोल, म्हणजे मागणी आणि पुरवठा सारखे होतात ती जागा, २० रुपयांना ६० नग. वेगळ्या सेलमध्ये नगामागे ४ रुपये कर टाकला की किंमत २२, विक्रेत्याच्या हाती १८, भार निम्मा-निम्मा. आता मागणी कमी लवचिक, म्हणजे किंमत वाढली तरी फारशी न घटणारी, करा : ७० वजा किमतीच्या निम्मे. करापूर्वीचा समतोल तोच, पण कर लागल्यावर किंमत जाते २३.२० वर. गिऱ्हाईक ३.२० सोसतं, विक्रेता फक्त ८० पैसे. एक-एक रुपयाने वाढणाऱ्या तक्त्यात २३.२० सापडत नाही, तिथे टूल्समधलं ‘गोल सीक’ कामाला येतं : जादा मागणीचा (मागणी वजा पुरवठा) सेल शून्य करायला सांगायचं, किंमत ते शोधतं.

सूत्र ओढलं तरी कराच्या सेलचा पत्ता बदलू नये म्हणून त्याला डॉलरचं चिन्ह लावायचं असतं, ते मुलं हमखास विसरतात. मग सूत्र खाली ओढलं की कर पहिल्याच ओळीला लागतो, बाकीचा पुरवठा करमुक्त! ‘सर, आपल्याकडे रुपयाचं चिन्ह चालत नाही का?’ हा प्रश्न दरवर्षी ठरलेला.

आलेखात मात्र डोकं पिकतं. अर्थशास्त्रज्ञ मार्शलपासून आपण किंमत उभ्या अक्षावर घेतो; कॅल्क पहिला स्तंभ आडव्या अक्षावर टाकतं, आणि वक्र पुस्तकातल्यापेक्षा उलटे दिसतात. ‘लाइन’ नको, ‘एक्सवाय (स्कॅटर)’ निवडा आणि प्रत्येक मालिकेचे एक्स-वाय हाताने द्या. यात अर्धा तास सहज जातो, तेवढा धरूनच तासिका आखा. तयार फाइल देऊन तो वाचवू नका, मुलं मग नुसते आकडे बदलत बसतात.

घरी मुलांकडे मोबाइलच असतो, तिथे गूगल शीट्स बरं. फक्त गोल सीक त्यात आयतं नाही, ॲड-ऑन म्हणून टाकावं लागतं, तेही कॉम्प्युटरवर.