१७,१२२ रुपयांचं बिल, काम सहा हजारांचं

ही चिठ्ठी बेळगावातल्या एका गॅरेजची आहे. कार्बनची खालची प्रत, वर ‘एस्टिमेट’ असं छापलेलं, तारीख गणपतीच्या आठ दिवस आधीची. गाडी खानापूर तालुक्यातली, मारुतीची एक लिटर पेट्रोल, ४२,००० किलोमीटर झालेली. मालकाचं म्हणणं एवढंच होतं की सर्व्हिस करायची आहे, आणि खड्ड्यात चाक गेलं की पुढून डाव्या बाजूला ‘खट’ असा आवाज येतो. सण झाला की चोर्ला घाटातून गोव्याला जायचं होतं. ते त्याने गॅरेजमध्ये बोलून दाखवलं.

चिठ्ठीवर लिहिलंय ते असं: इंजिन ऑइल ४ लिटर २,२००, ऑइल फिल्टर १८०, एअर फिल्टर ३५०, स्पार्क प्लग ४ नग ८८०, इंजिन फ्लश ६५०, टायमिंग बेल्ट १,८५०, पुढचे ब्रेक पॅड १,९००, लोअर आर्म जोडी ३,५००, लेबर ३,०००. बेरीज १४,५१०. त्यावर जीएसटी १८ टक्के म्हणून २,६१२. एकूण १७,१२२ रुपये. याच कागदावर ते घेतले.

बेरीज बरोबर आहे. खोट मालात आहे.

या इंजिनाला सिलिंडर तीन. प्रत्येकाला एक, म्हणजे प्लग तीनच. चौथा प्लग बसवायला जागाच नाही. ऑइल तीन लिटरच्या आसपास मावतं, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. खरोखर चार लिटर ओतलं असतं तर डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या बरंच वर गेलं असतं, आणि जादा ऑइल क्रँकने, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याने, घुसळून त्याचा फेस झाला असता. टायमिंग बेल्टची गोष्ट त्याहून वाईट. या गाडीत आहे त्या मारुतीच्या के सिरीज पेट्रोल इंजिनात टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखायला, चेन असते, ती आत ऑइलमध्ये फिरते. बदलायला बेल्ट नाहीच. बाहेरून दिसतो तो आल्टरनेटरचा बेल्ट, आणि तो काही शेकड्यांत येतो. ज्या इंजिनांना खरंच टायमिंग बेल्ट असतो, त्यांतल्या पुष्कळांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड खोलावं लागतं. लोकांनी हे कुठेतरी ऐकलेलं असतं, म्हणून ‘बेल्ट कधीही तुटेल’ म्हटलं की कुणी विरोध करत नाही.

‘खट’ आवाज मात्र गेला नाही. तीन आठवड्यांनी, १,४०० किलोमीटर पुढे, दुसऱ्या मेस्त्रीने गाडी रॅम्पवर घेतली. दोन्ही लोअर आर्म, म्हणजे पुढची चाकं गाडीच्या सांगाड्याला जोडणारे खालचे दांडे, काळेकुळीत चमकत होते. नखाने खरवडल्यावर रंगाचा पापुद्रा निघाला आणि त्याखाली जांबोटी रस्त्याची लाल माती निघाली, घट्ट बसलेली. नवा आर्म मातीवर रंगवून येत नाही. बोल्टच्या डोक्यांवर जुना गंज तसाच होता, पान्हा लागल्याची एकही चकाकी नव्हती. आर्म सांगाड्याला जोडतो तिथल्या मागच्या बुशाचं रबर फाटलेलं होतं. आवाज त्याचाच. बॉल जॉइंट, म्हणजे आर्मचा चाकाकडचा सांधा, घट्ट होता. बॉल जॉइंट आर्मलाच जोडलेला असेल आणि तो ढिला झाला असेल, तर पूर्ण आर्म बदलणं योग्यच. फक्त बूश गेला असेल तर प्रेसवर जुना काढून नवा दाबता येतो. उद्यमबागेसारखी औद्योगिक वसाहत असलेल्या बेळगावात प्रेस शोधत फिरावं लागत नाही. दोन्ही बाजूंच्या बुशा आणि मजुरी धरून दोन हजारांच्या आत काम झालं.

हे तपासायला मेकॅनिक असावं लागत नाही. जॅकवर चाक उचला, खाली स्टँड किंवा भक्कम लाकडी ठोकळा द्या, मग चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर संशय बॉल जॉइंटवर किंवा बेअरिंगवर. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ आला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचे सांधे. दोन्हीकडे चाक गच्च असेल आणि तरी खड्ड्यात आवाज असेल, तर आधी बुशा पाहायला सांगा.

आता पॅड. फोन कसा येतो ते बहुतेकांना ओळखीचं वाटेल: ‘काका, गाडी खोललीय. पॅड संपलेत बघा. आत्ता नाही टाकले तर घाटात ब्रेक लागायचा नाही.’ बायकामुलं गाडीत असणार, घाट उतरायचा, मालक लगेच ‘टाका’ म्हणतो. तिथेच उलट सांगायचं, आवाज न चढवता: ‘मेस्त्री, चाक काढलेलंच आहे तर पट्टी लावून फोटो पाठवा की. किती मिलिमीटर राहिलंय ते दिसू दे.’ नव्या पॅडचा घासणारा थर साधारण १० मिलिमीटरचा असतो. ३ मिलिमीटरवर आला की बदलायचा. चोर्ला किंवा आंबोली नेहमीचं असेल तर ४ वरच बदला, कारण पातळ पॅड लांब उतारावर लवकर तापतो. या गाडीचे पॅड निम्म्यावर होते, जुनेच, फक्त पॉलिश पेपरने घासलेले. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावरून आल्यावर चाकातून जो कर्कश आवाज येतो, तो पुष्कळदा डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यात अडकलेल्या खड्याचा असतो. खडा काढला की आवाज बंद. त्याच आवाजावर पॅडचं बिल निघतं.

इंजिन फ्लश, म्हणजे जुनं ऑइल काढण्याआधी द्रव घालून इंजिन आतून धुणं, याबद्दल आमचं मत ठाम आहे. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनाला त्याची गरज नाही. थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, रंगावरचं टेफ्लॉन कोटिंग हेही तसेच: गाडीच्या पुस्तकातल्या वेळापत्रकात नसेल आणि गाडीत तशी तक्रार नसेल तर नाही म्हणा. अंडरबॉडी कोटिंगचा मात्र खानापूर, कणकुंबीकडच्या पावसात उपयोग आहे, पण ते गाडीखाली जाऊन पाहून ठरवायचं. ओल्या मातीवर मारलेलं कोटिंग ओल आत कोंडतं आणि पत्रा जास्त लवकर सडवतं.

जीएसटीची ओळ सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत जास्त फसवणारी. पुड्यावर छापलेल्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. त्यावर पुन्हा १८ टक्के लावता येत नाहीत. या चिठ्ठीत भाग छापील किमतीने लावलेत आणि कर सगळ्या बेरजेवर घेतलाय. फार तर लेबरच्या ३,००० वर ५४० झाले असते. तेही गॅरेजची नोंदणी असेल तरच, आणि या कागदावर जीएसटी क्रमांकच नाही. क्रमांक १५ अक्षरांचा असतो. कर्नाटकातला २९ ने सुरू होतो, कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडकडचा २७ ने. क्रमांक नसलेल्या कागदावर कराची ओळ असेल तर ते पैसे सरकारकडे जात नाहीत. कंपोझिशन योजनेतला, म्हणजे उलाढालीवर ठोक दराने कर भरणारा लहान व्यापारी, क्रमांक असूनही गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेऊ शकत नाही.

हे सगळं खपलं, कारण मालकाकडे स्वतःचा आकडा नव्हता. या महिन्यात गाडीला काय लागणार हे त्याला गॅरेजमध्ये गेल्यावर कळलं. लहान पेट्रोल गाडीचा अंदाज किलोमीटरवर बांधता येतो. सर्व्हिस १०,००० किलोमीटरला ५,००० धरा, म्हणजे ५० पैसे. चार टायर १८,००० चे, ४५,००० किलोमीटर चालले तर ४० पैसे. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग मिळून १०,०००, ते ९०,००० किलोमीटरवर वाटले की ११ पैसे. पॅड ७ पैसे. बुशा, शॉकॅब, लिंक यांना १२ पैसे, आणि ज्यांचा रोजचा रस्ता उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागून जातो, त्यांनी २० धरावेत. बॅटरी ५,००० ची, चार वर्षांची, वर्षाला १०,००० किलोमीटर फिरणाऱ्याला १२ पैसे. हे मिळून किलोमीटरला १ रुपया ३० पैशांच्या आसपास येतं. महिन्याला हजार किलोमीटर होत असतील तर १,५०० रुपये वेगळ्या खात्यात टाका. विमा आणि पीयूसी यात नाही. भाव तुमच्या गाडीप्रमाणे बदलून घ्या, पण कागदावर लिहून डॅशबोर्डच्या खणात ठेवा. असा कागद असता तर ४२,००० वर ऑइल, दोन फिल्टर, तीन प्लग आणि आवाजाची तपासणी, एवढंच निघालं असतं. लेबर आणि बुशा धरून सहा हजारांच्या आत.

गाडी सोडताना जॉब कार्डवर, म्हणजे गॅरेज काम लिहून घेतं त्या कागदावर, किलोमीटर, तक्रार आणि ‘विचारल्याशिवाय जादा काम करू नये’ हे वाक्य लिहून घ्या, कार्डाचा फोटो काढा. कार्ड कानडीत किंवा इंग्रजीत असेल आणि वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, तोवर सही नको. जुने भाग आणि नव्या भागांचे रिकामे पुडे डिकीत ठेवायला आधीच सांगा. पुड्यावरचा पार्ट नंबर आणि एमआरपी बिलाशी जुळते का ते तिथेच पाहा. काम सणाच्या तोंडावर नेऊ नका, महिनाभर आधी न्या. घाईतल्या गिऱ्हाइकाला दुसरीकडे दाखवायला वेळ नसतो.

बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. पहिली तक्रार १९१५ या हेल्पलाइनवर करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं तर मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. सीमेवरच्या लोकांनी एक नक्की ध्यानात ठेवावं: तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. चंदगडच्या माणसाची गाडी बेळगावात बिघडवली असेल तर तो कोल्हापूरच्या आयोगाकडे जाऊ शकतो.

खानापूरच्या मालकाने दुसऱ्या मेस्त्रीकडून किलोमीटरसह लेखी घेतलं, खरवडलेल्या आर्मचे फोटो घेतले आणि चिठ्ठी घेऊन गेला. आर्मचे ३,५०० आणि बेल्टचे १,८५० परत मिळाले. पॅडवर गॅरेजवाला अडून बसला: नवेच टाकले होते, तुम्ही घाटात घासलेत. १,४०० किलोमीटरमध्ये पॅड निम्मे होत नाहीत हे त्यालाही ठाऊक होतं. पण गाडी ताब्यात घेतली त्या दिवशीचा पॅडचा फोटो मालकाकडे नव्हता, आणि रिकामा पुडाही नव्हता.