पत्र्याचा दहा लिटरचा कॅन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जास्तीचं इंधन सोबत न्यायला दहा लिटरचा पत्र्याचा जेरीकॅन एसयूव्हीवर आणि तीन-तीन लिटरचे दोन छोटे पत्र्याचे कॅन ३५० सीसी मोटरसायकलवर, असा आठ महिन्यांचा वापर झाला. तुलनेसाठी पाच लिटरचा जाड प्लॅस्टिकचा कॅनही होता. पत्र्याचा कॅन चांगला आहे, घ्यावा. पण त्याच्या झाकणातला वायसर आणि तो गाडीला बांधायची पद्धत, या दोन गोष्टींवर कॅनपेक्षा जास्त लक्ष द्यावं लागतं.

आधी गरज आहे का ते बघा. सातारा-कराड-सांगली पट्ट्यात कॅन भरून फिरवायचं काहीच कारण नाही. हायवेवर थोड्या थोड्या अंतरावर पंप आहेत, आणि कास-बामणोलीला जायचं तर साताऱ्यातच टाकी भरली की झालं. उगाच भरलेला कॅन घेऊन कुंभार्ली किंवा खंबाटकी घाट चढणं म्हणजे विनाकारण धोका पत्करणं. कॅन लागतो तो लडाख-स्पितीसारख्या प्रवासाला. मनाली-लेह रस्त्यावरच्या तांदीच्या पंपावरचा 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' हा फलक प्रसिद्ध आहे. तोच आकडा धरून हिशोब करू. मोटरसायकलची टाकी १३ लिटरची, त्यातला शेवटचा एक लिटर धरायचा नाही. सामान लादून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना अ‍ॅव्हरेज २५ धरा. १२ गुणिले २५ म्हणजे ३०० किलोमीटर. कमी पडले ६५. रस्ता बंद झाला, मागे फिरावं लागलं तर म्हणून ३६५ च्या वीस टक्के, म्हणजे ७३ किलोमीटर आणखी. एकूण १३८ किलोमीटरला साधारण साडेपाच लिटर. म्हणून तीन-तीनचे दोन कॅन. वीस लिटर लादणाऱ्यांनी हा हिशोब एकदा कागदावर करावा. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं. वीस लिटरचे पंधरा किलो आणि कॅनचं वजन वेगळं.

पेट्रोलसाठी पत्राच का, याचं एक कारण कायद्यात आहे. पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येतं, पण घट्ट बुचाच्या भांड्यात, आणि धातूचं भांडं २५ लिटरपेक्षा मोठं नको. काच किंवा चिनीमातीचं असेल तर एकच लिटर. त्या यादीत प्लॅस्टिक नाही. बरेच पंपवाले सुटं पेट्रोल द्यायला नकार देतात, त्यांच्याशी वाद घालू नका. पाण्याच्या बाटलीत तर कुणी भरून देत असलं तरी घेऊ नका. दुसरं कारण वापरात कळतं. साध्या एचडीपीईच्या, म्हणजे कॅनच्या जाड प्लॅस्टिकच्या भिंतीतून पेट्रोल हळूहळू झिरपतं. झाकण घट्ट असतानाही दोन दिवसांत कॅनभोवती वास येतो. प्लॅस्टिकचा कॅन शेवटी डिझेललाच ठेवला, तिथे त्याची तक्रार नाही.

कॅन भरताना तो गाडीतून किंवा कॅरिअरवरून खाली काढायचा आणि जमिनीवर ठेवायचा. गाडीतल्या कार्पेटवर किंवा पिकअपच्या प्लॅस्टिक लायनरवर ठेवून भरला तर कॅनवर साठलेली स्थिर वीज जमिनीत उतरत नाही, आणि एक ठिणगी पुरते. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते. नोझल कॅनच्या तोंडाला टेकवून ठेवायचं, धार हळू सोडायची. काठोकाठ भरायचं नाही. तापमान २० अंशांनी वाढलं तर दहा लिटर पेट्रोल सुमारे २०० मिली फुगतं. सकाळी गारव्यात भरलेला कॅन दुपारी माण-खटावच्या उन्हात किती तापतो ते हात लावून बघा. दहाच्या कॅनमध्ये साडेनऊवर थांबायचं.

घाटात दाबाचा आणखी एक मुद्दा येतो. पोलादपूरहून आंबेनळीने महाबळेश्वरला चढलं की आपण साधारण १३५० मीटरवर येतो आणि बाहेरच्या हवेचा दाब सुमारे १५ टक्क्यांनी उतरतो. कॅनमधला दाब मात्र खालचाच राहतो, वरून उन्हाने वाफ वाढलेली असते. पत्र्याच्या बाजू फुगलेल्या दिसतात. घाबरायचं कारण नाही, पण झाकण झटक्यात उघडायचं नाही. इंजिन बंद करून, सावलीत, झाकणावर फडकं धरून लिव्हर अर्धा उचलायचा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्यायचा, मग उघडायचा. सगळ्यात जास्त सांडलवंड याच क्षणी होते.

आता वायसर. लिव्हरचं झाकण ही जुनी, उत्तम रचना आहे, १९३० च्या दशकात जर्मन सैन्याच्या कॅनसाठी झालेली. तीन मुठीही त्यातल्याच: एकट्याने मधली धरायची, दोघांनी कडेच्या. पण सोबत आलेला साधा रबरी वायसर चौथ्या महिन्यात फुगून मऊ झाला आणि झाकणाखाली ओल दिसू लागली. पेट्रोलमधल्या इथेनॉलपुढे साधं रबर टिकत नाही. त्याजागी व्हायटॉनचा, म्हणजे इंधनाला टिकणाऱ्या खास रबराचा वायसर घातला, तो अजून कडक आहे. दुकानात घेताना 'इथेनॉलला चालेल का' हे स्पष्ट विचारा. आतून जस्ताचा मुलामा असलेला कॅन टाळा. आतला रंगही तपासा: नव्या कॅनमध्ये अर्धा लिटर पेट्रोल घालून हलवायचं, दिवसभर ठेवायचं आणि पांढऱ्या फडक्यातून गाळायचं. रंगाचे पापुद्रे आले तर कॅन परत करा. तेच पापुद्रे उद्या फिल्टरमध्ये जाऊन बसतील.

बांधणीत सुरुवातीला चूक झाली. नुसत्या लोखंडी स्टँडमध्ये ठेवलेला छोटा कॅन थरथरून घासला, पाचशे किलोमीटरमध्ये कोपऱ्यावरचा रंग गेला आणि पावसात तिथे गंज धरला. गंज जोडावर पोचला की गळती ठरलेली. जुन्या ट्यूबचे तुकडे चारही बाजूंना लावल्यावर घासणं थांबलं. नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, थरथरीने सैल न होणारे) वापरा आणि रोज सकाळी हाताने हलवून बघा. मोटरसायकलवर दोन्ही बाजूंना सारखं वजन हवं आणि सायलेन्सरच्या बाजूचा कॅन नळीपासून पुरेसा लांब व उंच हवा. कारमध्ये डिकीत पेट्रोल ठेवू नका. एसयूव्ही आणि हॅचबॅकची डिकी म्हणजे बसायचाच भाग, वाफ सरळ आत येते. मागच्या दाराबाहेर लावला तर मागून धडक बसते तीच जागा. छतावरचं कॅरिअर त्यातल्या त्यात बरं, दोन रॅचेट पट्ट्यांनी (खटक्याने आवळायच्या पट्ट्यांनी) आवळून. ताणाचा रबरी दोर एकटा पुरत नाही.

ओतताना हवेची नळी असलेलं तोंड लागतं. ते नसेल तर गटगट करत इंधन बाहेर उडतं. नवीन गाड्यांच्या टाकीच्या तोंडात झडप असते, आखूड नरसाळं ती उघडत नाही आणि सगळं पेट्रोल पत्र्यावरून खाली येतं. लांब नळीचं, जाळीचं नरसाळं घ्या. हलवून चालू होणारा सायफनही (इंधन उतरवायची नळी) चांगला, फक्त कॅन टाकीच्या तोंडापेक्षा वर हवा. तोंडाने ओढून सायफन कधीही चालू करू नका. पेट्रोल फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. ओतायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं सायलेन्सर निवू द्या. जवळ एबीसी पावडरचा छोटा अग्निशामक असावा, पाण्याने ही आग विझत नाही.

टाकी पूर्ण कोरडी होऊ देऊन मग ओतणं चुकीचं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचा इंधनाचा पंप टाकीतल्या इंधनानेच थंड राहतो. रिझर्व्हचा दिवा लागला की सपाट जागा बघून ओता. चढावर उभ्या कारमध्ये ओतलेले दोन लिटर टाकीच्या मागच्या कडेला जातात आणि पंपापर्यंत पोचतही नाहीत. तिथे निदान पाच लिटर लागतात. बंद पडलीच तर स्टार्टर मारायच्या आधी चावी तीन-चार वेळा ऑन करून पाच-पाच सेकंद थांबा, म्हणजे दाब तयार होईल. डिझेल गाडीत हवा धरते, तिथे हवा काढायचा प्राइमिंगचा हातपंप, म्हणजे रबरी फुगा, कडक होईपर्यंत दाबावा लागतो. आणि हिवाळ्यात लडाखला जाताना इकडचं डिझेल कॅनमधून नेऊ नका, थंडीत त्यात मेण धरतं. तिकडे २०१९ पासून उणे ३३ अंशांपर्यंत टिकणारं हिवाळी डिझेल मिळतं, ते घ्या.

भरून ठेवलेलं पेट्रोल तीन-चार आठवड्यांत टाकीत ओतून संपवायचं. इथेनॉल ओलावा ओढतं, आणि पावसाळ्यात अर्धा भरलेला कॅन सारखा उघडला तर पाणी शिरतं. शंका आली तर काचेच्या बरणीत थोडं काढून स्थिर ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर ते टाकीत घालू नका. कॅनवर भरल्याची तारीख मार्करने लिहिलेली असावी.

मिरजेहून मोटरसायकल रेल्वेने पाठवायची असेल तर तिची टाकी रिकामी करावी लागते आणि पेट्रोलचा कॅन सोबत नेता येत नाही. पेट्रोल तिकडे पोचल्यावरच भरा. परत आल्यावर कॅन रिकामा करून झाकण उघडं ठेवून दोन दिवस सावलीत, घराबाहेर ठेवायचा, वास पूर्ण गेला की बंद करायचा. रिकाम्या कॅनमध्ये उरलेली वाफ भरलेल्या कॅनपेक्षा लवकर स्फोट घडवते, त्यामुळे मूठ तुटली किंवा जोड उसवला तरी तो वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. कॅन बदला.